चेंडूकडे बघू नका

ऑस्ट्रेलियन फुटबॉल मी मैदानावर शिकलो नाही. सोफ्यावर बसून, हातात कंट्रोलर धरून शिकलो. त्यामुळे नियम सगळे पाठ झाले आणि खेळ मात्र चुकीचा कळला. हे लक्षात यायला एक अख्खा हिवाळा गेला, आणि तेही माझं मला कळलं नाही, दुसऱ्याने सांगावं लागलं. बरेच दिवस यावर लिहायचं म्हणत होतो. परवा गॅरेजमधला पसारा काढताना जुना पीएस थ्री सापडला, त्यात 'एएफएल लाइव्ह'ची डिस्क तशीच अडकलेली. लावून बघितली तर चालली! मग म्हटलं, आता लिहूनच टाकू.

आम्ही मेलबर्नला आलो २०११ च्या फेब्रुवारीत. मी, बायको आणि सात वर्षांचे आमचे चिरंजीव. मी हापिसात रुजू झालो, चिरंजीव दुसरीत बसले. पहिल्या आठवड्यात विचारलं, "मधल्या सुट्टीत काय खेळलास?" तर म्हणाला, "बघत होतो." दुसऱ्या आठवड्यातही "बघत होतो". मार्च संपत आला तरी आपलं "बघत होतो" चालूच. पुण्यात असताना हाच मुलगा सोसायटीच्या पार्किंगमध्ये अंधार पडेपर्यंत क्रिकेट खेळायचा आणि त्याला वर बोलवून बोलवून आमचा घसा बसायचा. मी म्हटलं, अरे मग क्रिकेट खेळा की, इथेही खेळतात. त्यावर उत्तर आलं, "बाबा, ते उन्हाळ्यात. आता सगळे फूटी खेळतात."

फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन नियमांचा फुटबॉल. मला तेव्हा त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. हापिसात सोमवारी सकाळी कॉफीच्या मशीनपाशी दुसरा विषय नसायचा. दर आठवड्याला कोण जिंकणार याचे अंदाज प्रत्येकाने भरून द्यायचे, त्याला टिपिंग म्हणतात. मी टीमची नावं वाचून अंदाज ठोकायचो. (पहिल्या तीन आठवड्यांत मी चक्क वरच्या पाचात होतो. यावरून टिपिंगचा दर्जा काय ते समजा.) पण माझं जाऊ दे. मुलगा रोज मैदानाच्या कडेला उभा राहून बघतोय, हे काही मला बघवत नव्हतं.

एप्रिलमध्ये 'एएफएल लाइव्ह' बाजारात आला. बिग अँट स्टुडिओज नावाच्या मेलबर्नच्याच कंपनीने बनवलेला गेम. क्रिकेटचे व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असेल, कारण २०१४ चा 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट' आणि नंतरचे 'क्रिकेट १९', 'क्रिकेट २२' वगैरे यांचेच. २०११ मध्ये मला हे काही माहीत नव्हतं. मी फक्त एवढा विचार केला की मला खेळ येत नाही, पोराला येत नाही, शिकवणारं कोणी ओळखीचं नाही, तर हे बरं आहे. घरबसल्या दोघंही शिकू.

आणि खरं सांगतो, शिकलो. या गेमची पहिली जमेची बाजू हीच. ज्याला काहीच माहीत नाही त्याला तो आठवडाभरात नियम शिकवतो, आणि या खेळाचे नियम म्हणजे एकदा ऐकून डोक्यात शिरतील असे नव्हेत.

थोडक्यात सांगतो. मैदान लंबगोल, कारण हा खेळ क्रिकेटवाल्यांचा. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटरने १८५८ मध्ये मेलबर्नच्या एका पेपरात पत्र लिहून सुचवलं की हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगं सुटायला नकोत, तर फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्या वर्षी, १८५९ मध्ये, नियम लिहिले गेले. मैदान क्रिकेटचंच, म्हणजे लांबी १३५ ते १८५ मीटरमध्ये कितीही. आपला नेहमीचा फुटबॉल साधारण १०५ मीटरच्या मैदानात होतो. दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खेळाडू, म्हणजे मैदानात छत्तीस माणसं. चेंडू लंबगोल, सोललेल्या नारळासारखा. तो लाथेने उडवायचा, नाहीतर एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा, त्याला हँडबॉल म्हणतात. फेकायचा मात्र नाही. घेऊन पळता येतं, पण साधारण दर पंधरा मीटरला एकदा जमिनीवर टप्पा द्यायचा किंवा जमिनीला टेकवायचा. कोणी किमान पंधरा मीटर लांब लाथाडलेला चेंडू मध्ये कोणाचा हात न लागता झेलला की त्याला मार्क मिळतो, मग त्याला कोणी हात लावायचा नाही, त्याने निवांत किक मारायची. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने गेला की गोल, सहा गुण. बाजूच्या खांबांतून गेला, किंवा खांबाला लागला, तर बिहाइंड, एक गुण. चुकल्याबद्दलसुद्धा एक गुण देणारा हा खेळ मला तेव्हाच आवडला होता. :)

हे सगळं गेममध्ये आपोआप अंगवळणी पडतं. चेंडू हातात धरून उभे राहिलात आणि कोणी पकडलं की शिट्टी, चेंडू त्यांचा. दोनचारदा असं झालं की माणूस चेंडू सोडायला शिकतो. १०.८ (६८) असा स्कोअर दिसला की दहा गोल, आठ बिहाइंड, एकूण अडुसष्ट, हा हिशोब चिरंजीवांना माझ्या आधी जमायला लागला. त्यांचा सहाचा पाढा त्याच महिन्यात पक्का झाला, आणि त्याचं श्रेय शाळेने घेतलं.

दुसरी जमेची बाजू म्हणजे वेग. या खेळात थांबणं असं फारसं नाहीच. थ्रो-इन आहे, गोल झाल्यावर मध्यभागी परत सुरुवात आहे, पण बाकी सगळी वाहती गंगा. आत्ता इथे असलेला चेंडू दोन किकमध्ये शंभर मीटर पलीकडे. गेमने हे छान पकडलं होतं. अंपायरचे इशारे, गोल झाल्यावर हलवलेले दोन झेंडे, बिहाइंडला एकच झेंडा, क्वार्टर संपल्याचा भोंगा, सगळं जिथल्या तिथे. आणि स्पेकी! दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा टेकवून, अक्षरशः त्याची शिडी करून, हवेत चेंडू झेलायचा, आणि हे चक्क नियमात बसतं. पहिल्यांदा स्क्रीनवर ते जमलं तेव्हा आम्ही दोघं असे ओरडलो की बायको स्वयंपाकघरातून हातात झारा घेऊन बाहेर आली.

मे महिन्यापर्यंत आम्ही दोघंही तय्यार झालो होतो. चिरंजीव मधल्या सुट्टीत मैदानात उतरले. मी विचारलं, "कसं झालं?" म्हणाला, "खेळलो, पण चेंडू मिळत नाही." रोज हेच. मी म्हटलं, चेंडू मिळत नाही म्हणजे काय, चेंडूकडे जायचं! गेममध्ये आपण काय करतो? जिथे चेंडू तिथे आपण. तसंच.

इथेच माझी चूक होती, आणि इथेच त्या गेमचीही मोठी उणीव होती. पण ते कळायला जरा वेळ आहे.

इथे लहान मुलांसाठी ऑसकिक नावाचा कार्यक्रम असतो. साधारण पाच ते बारा वयाची पोरं वीकेंडला सकाळी गल्लीतल्या मैदानावर जमतात, मैदान छोटं केलेलं, खेळाडू कमी, पाडापाडी नाही, शिकवणारे बहुतेक पालकच. तिथे चिरंजीवांचं नाव घातलं. थंडी अशी की चहाचा कप हातातून सोडवत नाही. मी कडेला उभा राहून मराठीत ओरडायचो, "चेंडूकडे जा! अरे चेंडूकडे! तिकडे बघ!" पोरगा बिचारा जायचा. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तशी सगळी पोरं चेंडूला चिकटलेली, हाही त्यात घुसायचा, धक्के खायचा, आणि चेंडू तिसरीकडूनच निसटायचा. मग हळूहळू त्याने ते सोडून दिलं. लांब जाऊन उभा राहायला लागला. एक हात वर, तोंडाने "इकडे, इकडे!" आणि चेंडू काही येत नाही.

तीन रविवार मी हे बघितलं. आणि कडेला उभ्या असलेल्या बापाच्या मनात जे येतं ते आलं. पास देत नाहीत पोरं. का देत नाहीत? त्या घोळक्यात हा एकटाच आपल्या रंगाचा, आपल्या नावाचा. हा "इकडे" ओरडतो ते त्यांना कळत नसेल, की कळूनही? बायकोला मी हे बोललो नाही. पण त्या रविवारी घरी येताना गाडीत मी आणि चिरंजीव दोघंही गप्प होतो, आणि मला खात्री आहे की दोघंही एकाच गोष्टीबद्दल गप्प होतो.

चौथ्या रविवारी मी कोचकडे गेलो. रिटायर झालेले प्लंबर, नातू याच टीममध्ये. सरळ विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून गोल गोल बोललो, की याला चेंडू मिळत नाही, याचं काही चुकतंय का. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू कडेला उभा राहून ओरडत असतोस तोच ना? काय ओरडतोस?" मी अर्थ सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, "एक काम कर. गोलच्या मागे जाऊन उभा राहा, आणि दहा मिनिटं चेंडूकडे बघू नकोस. अजिबात. फक्त तुझ्या पोराकडे बघ."

वाटतं तितकं सोपं नाही हे. स्वतः करून बघा. चेंडू डोळ्यांना ओढतो. पण मी बघितलं. आणि सवयीप्रमाणे मोजायला लागलो. दहा मिनिटांत आमचे चिरंजीव नऊ वेळा मोकळ्या जागेत गेले. हात वर करून, अगदी बरोबर जागी, कोणी त्याच्या आसपास नाही. चेंडू आला एकदा. मला वाटलं, झालं, पुरावाच मिळाला.

पण आपण इंजिनिअर माणसं. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणाऱ्याला आपण कोड रिव्ह्यूमध्ये किती झोडतो! म्हणून पुढची दहा मिनिटं मी दुसऱ्या एका पोराकडे बघितलं. सोनेरी केस, इथलाच, सगळ्यांचा दोस्त. तो आठ वेळा मोकळा झाला. चेंडू आला एकदा. मग तिसरा, खुद्द कोचचा नातू. सात वेळा, त्यालाही एकदाच. त्या नातवाने तर आजोबांच्या नावाने शंख केला.

मी परत आलो तेव्हा कोच म्हणाले, "किती?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग? हाच खेळ आहे. मोकळं व्हायचं, हात वर करायचा, नाही मिळाला तर दुसरीकडे जाऊन परत मोकळं व्हायचं. सगळ्यांचं आयुष्य यातच जातं. तुझ्या पोराला ते न सांगता कळलंय. तू फक्त ओरडणं बंद कर."

शाळेच्या सुट्टीत काय चालत होतं ते मी बघितलेलं नाही, त्यामुळे माझी शंका शंभर टक्के खोटी होती असं छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्या मैदानावर तरी ती खोटी ठरली. आणि मी महिनाभर पोराला नेमका चुकीचा सल्ला देत होतो, हे मात्र शंभर टक्के खरं. तो सल्ला मला कुठून मिळाला होता? तर व्हिडिओ गेममधून.

आता जरा उणिवांबद्दल बोलू.

व्हिडिओ गेममध्ये आपण नेहमी चेंडूपाशी असतो. पास दिला की आपला जीव उडून पास घेणाऱ्यात शिरतो. परकायाप्रवेशच म्हणा. टीममधल्या अठरांपैकी सतरा माणसं कायम कॉम्प्युटरकडे, आणि आपण तो एकच, ज्याच्याकडे चेंडू आहे किंवा येतोय. ही काही याच गेमची खोड नाही, बहुतेक फुटबॉलचे गेम असेच असतात. पण इथे त्याचा फटका जास्त बसतो, कारण मैदान प्रचंड आणि माणसं छत्तीस. चेंडू एकाकडे असताना बाकीचे पस्तीस काय करतायत, त्यावर पुढचं सगळं ठरतं. आणि तेच नेमकं आपल्या हातात नसतं, आपल्याला दिसतही नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे. किक जाते पन्नास मीटर, आणि स्क्रीनवर तेवढं मैदान मावत नाही. म्हणजे समोर कोण मोकळा आहे हे दिसायच्या आत किक मारायची. मग माणूस काय करतो? जवळच्याला देतो, किंवा उंच उडवून देतो आणि स्पेकीची वाट बघतो. आम्ही तेच करायचो.

त्याच जुलैमध्ये आम्ही तिघं एमसीजीवर गेलो. तिकिटं स्वस्तातली, म्हणजे पार वरची. बायको म्हणाली, इथून माणसं मुंग्यांएवढी दिसतात. पण माझ्यासाठी तीच जागा सोन्याची होती, कारण तिथून अख्खं मैदान एका नजरेत येत होतं, जे टीव्हीवरसुद्धा कधी येत नाही. आणि तिथे मला दिसलं की पुढच्या फळीतला खेळाडू पळायला लागतो तेव्हा चेंडू अजून कोणाच्याच हातात नसतो! मध्यभागी घोळका झटापट करतोय, आणि हा आधी गोलच्या दिशेने दोन पावलं टाकून बचाववाल्याला फसवतो, मग गर्रकन वळून मैदानाच्या मध्याकडे सुसाट सुटतो. मागून चेंडू बाहेर येतो, कोणीतरी न बघितल्यासारखं करून किक मारतो, आणि दोघांची गाठ बरोबर एका रिकाम्या जागी पडते. हे असं दहा वेळा होतं. त्यातलं एकदा जमतं. बाकीच्या नऊ वेळा तो माणूस फुकट पळतो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. चिरंजीव कठड्यावर रेलून मला सांगत होते, "बाबा, तो बघ, तो सुटला. तो बघ, तिकडे जागा झाली." मी चेंडूकडे बघत होतो. तो बघत नव्हता.

दुसरी उणीव टप्प्याची. लंबगोल चेंडू जमिनीवर पडला की कुठे उडेल ते सांगता येत नाही, आणि या खेळाचे अर्धे हर्षवायू आणि अर्धे हृदयविकार त्यातूनच येतात. आम्ही यायच्या आदल्याच वर्षी, २०१० च्या सप्टेंबरमध्ये, कॉलिंगवूड आणि सेंट किल्डा यांची ग्रँड फायनल झाली. शेवटच्या दोन मिनिटांत सेंट किल्डा एका गुणाने मागे. लेनी हेजने गोलकडे लांब किक मारली, तिथे स्टीफन मिल्न पळत आला, चेंडू नीट हातात बसता तर समोर गोल मोकळा होता. पण टप्पा वाकडा पडला आणि चेंडू त्याला चकवून तसाच बाजूच्या खांबांतून गेला. बिहाइंड, एक गुण. ६८-६८, बरोबरी! तेव्हाच्या नियमानुसार पुढच्या शनिवारी अख्खी फायनल परत खेळवली आणि त्यात कॉलिंगवूड १०८-५२ असे जिंकले. पुढे २०१६ मध्ये हा परत खेळवायचा नियमच काढून टाकला आणि जादा वेळ आणला. पण आजही सेंट किल्डाचा माणूस भेटला तर त्याच्यासमोर तो टप्पा काढू नका.

आता हाच टप्पा व्हिडिओ गेममध्ये पडला असता तर? खेळणाऱ्याने कंट्रोलर आपटला असता आणि म्हणाला असता, बग आहे! इथे मला गेम बनवणाऱ्यांची बाजू कळते. आपण सॉफ्टवेअरमध्ये अनिश्चितता मुद्दाम घातली तरी वापरणाऱ्याला ती चूकच वाटते. मैदानावर वाकडा टप्पा म्हणजे नशीब, स्क्रीनवर वाकडा टप्पा म्हणजे निकृष्ट दर्जा. त्यामुळे चेंडू थोडा शहाणा करावा लागतो. आमच्या गेममधला चेंडू शहाणाच होता, बहुतेकदा हाताशी यायचा. खेळायला बरं वाटायचं, पण तो फूटीचा चेंडू राहायचा नाही.

उणिवा काढणं सोपं आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. क्रिकेटचा गेम बनवणं म्हणजे एका वेळी एक चेंडू, मग थांबा, मग पुढचा. तरीही तो नीट जमायला किती वर्षं गेली. आपल्या नेहमीच्या फुटबॉलला बावीस माणसं आणि ऑफसाइडची रेषा, म्हणजे कोणी कुठे असावं याला काहीतरी शिस्त. फूटीत ऑफसाइड नाहीच. छत्तीस माणसं कुठूनही कुठेही, चेंडू कुठल्याही दिशेला. प्रत्येकाने काय करायचं ते बाकीच्या पस्तीसांवर अवलंबून. हे सगळं सेकंदाला तीसेक वेळा गणित करून एका छोट्या डब्यात चालवायचं. आणि विकायचं कोणाला? हा खेळ मनापासून बघणारा देश जगात एकच, आणि त्यातही सिडनी आणि ब्रिस्बेनकडची मंडळी रग्बी लीगवाली. जगभर विकल्या जाणाऱ्या गेमला जेवढा पैसा आणि माणूसबळ मिळतं, त्याच्या आसपासही इथे काही मिळणं शक्य नाही.

तरी लोक बनवत राहिलेत. १९९१ मध्ये मेलबर्नच्याच बीम सॉफ्टवेअरने निन्टेंडोवर एक फूटी काढला होता. नव्वदीच्या शेवटी क्रिएटिव्ह असेंब्लीने दोन बनवले. हो, तेच, पुढे 'टोटल वॉर' काढणारे! २०११ नंतर विकेड विच नावाच्या दुसऱ्या कंपनीने २०१३, २०१७ आणि २०२० मध्ये एकेक काढला, मग २०२३ मध्ये पुन्हा बिग अँट आले, आणि २०२५ मध्ये त्यांचा 'एएफएल २६' आला. दर वेळी इथली पोरं शिव्या देतात आणि दर वेळी विकत घेतात. ही माया मला कळते. आपल्या खेळाचा गेम कोणी दुसरा बनवणार नाही, हे माहीत असलेल्या लोकांची ही माया आहे. खो-खोचा एखादा झकास गेम निघाला तर आपणही असेच वागू.

असो. परत परवाच्या रविवारकडे येतो. चिरंजीव आता एकवीस वर्षांचे आहेत. दाढी ठेवतात, वीकेंडला उपनगरातल्या एका क्लबकडून खेळतात, तिसऱ्या फळीतल्या टीममध्ये. शनिवारी गुडघा सुजवून घेतला म्हणून घरी होते. मी पीएस थ्री लावला तर शेजारी येऊन बसले. मी त्यांना चांगला धुतला. मी! १४ वर्षांनी! मला आपले जुने डावपेच आठवत होते, जवळच्याला द्या, उंच उडवा, झेला. तो मात्र दर वेळी चेंडू मिळाला की लांब, तिरका, मोकळ्या मैदानात मारायचा, आणि तिथे कोणीच नसायचं. चेंडू टप टप करत बाहेर. परत तेच, परत बाहेर.

मी म्हटलं, "अरे, बघून तरी मार!"

तो स्क्रीनकडे बोट दाखवून वैतागून म्हणाला, "बघूनच मारतोय, बाबा. तिथे कोणीतरी पळत यायला पाहिजे होतं."

बरोबरच होतं त्याचं. खऱ्या मैदानावर तिथे कोणीतरी आला असता, आणि दहातल्या नऊ वेळा तो स्वतःच आला असता. मी काही बोललो नाही. त्याच्या गुडघ्यावरची बर्फाची पिशवी वितळली होती, ती बदलून आणली आणि पुढचा क्वार्टर सुरू केला.

गेमला किती स्टार द्यायचे? मी पाचपैकी तीन देईन. एक नियम शिकवल्याबद्दल, एक स्पेकीबद्दल, आणि एक त्या दुसरीतल्या पोराला मैदानात उतरायची हिंमत दिल्याबद्दल. उरलेले दोन मिळवायला मैदानावर जावं लागतं. कधी मेलबर्नला आलात तर वरच्या मजल्यावरचं स्वस्त तिकीट काढा, आणि दहा मिनिटं चेंडूकडे बघू नका.